छत्रीच्या कापडाच्या मनगट्या

२७ ऑक्टोबर २००१

छन्. मग थोडं थांबून पुन्हा छन्. मग धप्प.

देवदत्त रांगायला लागला तेव्हाचा हा आवाज. सावित्रीनं त्याच्या पायांत घुंगरांचे वाळे घातले होते. मी खुर्ची टाकून शाळेतल्या कविता म्हणत बसायचो, पावस गावच्या शाळेत गुरुजींनी चालीवर शिकवलेल्या, आणि पोर घरात कुठे आहे ते मला बसल्या जागी कळायचं. छन् ओटीवर, छन् चुलीपाशी, धप्प उंबऱ्यावर. मान वर करून मी त्याला कधी शोधला नाही. सावित्री म्हणायची, "तुम्हांला मुलगा झालाय की घड्याळ?"

सावित्री गेली, वाळे डब्यात गेले, मुलगा लोटे गावच्या कारखान्यात नोकरीला गेला. आवाज तेवढा राहिला. आज बारशाला पाळणा हलला तेव्हा कडी वाजली आणि मला वाटलं, छन्.

नातीचं नाव ओवी. मीच सुचवलं. शेजारच्या हेमाताईंनी कानात कुर्रर्र केलं. देवदत्त सुट्टी काढून आला होता, तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. सूनबाई, संध्या, दिवसभर फाटकाकडे बघत होती. तिला आई नाही. वडील, दाजी, मिरकरवाड्याला असतात, त्यांची होडी आहे. देवदत्तशी लग्न केलं तेव्हापासून त्यांनी तिला दारात घेतलं नाही आणि आमच्या दारात पाऊल ठेवलं नाही. म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता इथे झालं. फाटक वाजलं की तिची मान वर व्हायची. आले ते सगळे दुसरेच.

ओवीचे डोळे मी आज निवांत पाहिले. काळ्याभोर बुबुळात मधोमध सायीची झाक आहे. असे डोळे आमच्या घराण्यात कुणाचे नव्हते. दोन ओळी सुचल्या:

सायीखाली निजले चांदणे
हळूच बोला कुणी

पुढची ओळ येईना. येईल.

१ नोव्हेंबर

वाचनालयात एका मासिकात लेख वाचला. तान्ह्या मुलाला रंग कळत नाहीत, ठळक काळं-पांढरं तेवढं कळतं. परदेशात म्हणे बाळाच्या मनगटाला, पायमोज्यांवर, आईच्या गळ्यात काळे-पांढरे पट्टे बांधतात. त्याकडे बघत बघत पोराची नजर तयार होते.

मला हसू आलं. आपल्याकडे बारशाला काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या मनगट्या घालतात, त्या मग काय आहेत? दृष्ट लागू नये म्हणून, असं म्हणायचं. जुन्या बायकांना सगळं ठाऊक होतं, त्या लेख लिहीत नव्हत्या इतकंच. पण बारशाच्या मनगट्यांचे मणी बारीक. ठळक काहीतरी हवं.

घरी येऊन सावित्रीचं मशीन पुसलं. काळं कापड म्हणून माझी मोडकी छत्री उसवली आणि पांढऱ्यासाठी जुना पंचा फाडला. बोटभर रुंदीचे पट्टे आलटून पालटून जोडले. सुईत दोरा जाता जाईना. शेवटी संध्यानं ओवून दिला. सावित्रीच्या डब्यात देवदत्तच्या वाळ्यांतली घुंगरं निघाली. काळी पडली होती, चिंच लावून घासली. एकेका मनगटीच्या आत एकेक घुंगरू शिवून टाकलं. घुंगराशिवाय मनगटी म्हणजे चालीशिवाय कविता.

संध्यालाही गळ्यात घालायला तसाच पट्टा केला. तिनं घालून पाहिला आणि म्हणाली, "आप्पा, मी काय देवाला सोडलेली पाडी?"

पुष्कळ दिवसांनी ती हसली. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून मला काम नव्हतं. आता आहे.

८ नोव्हेंबर

बघते. ओवी बघते. मनगटी उजवीकडे नेऊन हलवली की हळूहळू मान उजवीकडे येते. डावीकडे नेली की डावीकडे. मी चारदा करून पाहिलं. लेख लिहिणाऱ्याला पत्र पाठवावं की काय, असं मनात आलं.

हेमाताईंच्या नातवालाही एक जोड शिवून दिला. चिराग त्याचं नाव, ओवीच्याच वयाचा. ते पोर अधाशी आहे. मनगटी नुसती समोर धरली, अजून हलवलीसुद्धा नाही, तर टक लावून बसलं. काढून घेतली तर भोकाड. आमची ओवी तशी नाही. हलवल्याशिवाय ती मान वळवत नाही. आणि वळवली तरी पलीकडे कुठेतरी दूर बघते, मनगटीच्याही पार. कवीचा स्वभाव म्हणतात तो असा.

दुपारी मी तिला कविता म्हणून दाखवतो. चाल सुरू झाली की हातपाय थांबतात. मी संध्याला म्हटलं, माझ्याकडे कशी बघते बघ. संध्या म्हणाली, "तुमच्याकडे तोंड करते, आप्पा." म्हटलं, तेच ते.

१५ नोव्हेंबर

काल लक्ष्मीपूजन झालं. देवदत्त घरी आहे. लिहिणार नव्हतो, पण मनात राहिलंय.

पूजा झाल्यावर संध्यानं निरांजन उचललं आणि ओवीच्या डोळ्यांसमोरून फिरवलं. इकडून तिकडे, पुन्हा इकडे. मी ओरडलो, पोराच्या तोंडाशी आग कसली धरतेस. तिनं निरांजन खाली ठेवलं.

"आप्पा, ही दिव्याकडे बघत नाही. पापणीसुद्धा लववत नाही."

"महिन्याचं पोर ते. दिव्यात काय बघायचंय?"

"चिराग बघतो."

तेवढ्यात गल्लीत फटाका वाजला आणि ओवी दचकून रडायला लागली. मी म्हटलं, हे बघ, सगळं समजतं तिला. संध्या म्हणाली, उद्याच डॉक्टरकडे नेऊ या. मी म्हटलं, सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ-बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. सावित्री असती तर तिनं हेच सांगितलंन असतं. देवदत्त मधल्या मध्ये. कधी तिच्याकडे बघे, कधी माझ्याकडे. त्याच्या कपाळावर आठी आलेली मला बघवली नाही. म्हटलं, तूच ये, तुझ्या डोळ्यांनी बघ.

मी मनगटी घेतली. उजवीकडे हलवली. ओवीनं रडं थांबवलं आणि मान वळवली. डावीकडे हलवली, डावीकडे. देवदत्तचा चेहरा असा उजळला की मला त्याचा रांगण्याच्या वयातला चेहरा आठवला.

संध्या म्हणाली, "आप्पा, घुंगूर काढून दाखवा."

"मग उरलं काय? छत्रीची चिंधी."

देवदत्त हसला. मीही हसलो. ती हसली नाही. देवदत्त तिला म्हणाला, "अगं, बघते ती. मी बघितलं ना आत्ता." मग विषय संपला.

माहेरचं माणूस आलं नाही की बाळंतिणीच्या मनात असे विचार येतात, असं हेमाताई म्हणतात.

२ डिसेंबर

सव्वा महिना होऊन गेला. संध्यानं पुन्हा विषय काढला. ओवीला सर्दी आहे. वाऱ्यात न्यायला नको, असं मी म्हटलं. शिवाय देवदत्तला सुट्टी मिळाली की तो नेईल. बाईमाणसानं एकटीनं कशाला खेटे घालायचे? हल्ली ती गळ्यातला पट्टा घालत नाही. मान घासते म्हणते.

बारशाच्या आणि दिवाळीच्या फोटोंचा रोल धुऊन आला. स्टुडिओवाल्यानं बिघडवलाय. आमचे सगळ्यांचे डोळे सशासारखे लाल आणि ओवीचे पांढरे, दोन शिंपल्यांसारखे. संध्या तो फोटो हातात धरून बसली होती. देवदत्त रविवारचा घरी आला होता, त्यानं तो तिच्याकडून घेतला, खिडकीशी नेऊन पाहिला आणि शर्टाच्या खिशात टाकला. मी म्हटलं, परत दे त्या माणसाला, नीट काढून दे म्हणावं. तो म्हणाला, "हो आप्पा." जेवला नाही. पित्त झालंय म्हणाला, आणि सकाळची बस सोडून रात्रीचीच धरून गेला. जाताना साहेबाकडे रजा मागतो म्हणाला.

चांदण्याच्या ओळी तशाच आहेत. तिसरी येत नाही.

१२ डिसेंबर

आज लिहायला हात उचलत नाही. तरी लिहितो.

सकाळी अंघोळ करून आलो तर संध्या पाळण्यापाशी मनगट्या घेऊन बसली होती. कात्रीनं तिनं शिवण उसवली होती. घुंगरं काढून केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवली होती, देवापुढे सुपारी ठेवतात तशी. मी काही बोलायच्या आत तिनं ओठांवर बोट ठेवलं. सासऱ्यासमोर तिनं असं कधी केलं नव्हतं.

मग तिनं मनगटी ओवीच्या तोंडासमोर धरली आणि हलवली. उजवीकडे. डावीकडे. अगदी नाकापाशी. मी घरात असा सन्नाटा कधी ऐकला नव्हता. ओवी जागी होती, तोंडात मूठ घालून चोखत होती. तिनं मान वळवली नाही. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पार, भिंतीच्या पार, कुठेच न बघता ती पडून होती.

मग संध्यानं एक घुंगरू उचललं आणि पाळण्याच्या मागे, कुणालाही दिसणार नाही असं, हलवलं.

मान वळली.

संध्या मला म्हणाली, "बघितलंत?"

रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर मला उत्तर सुचलं असतं.

तिनं ओवीला शालीत गुंडाळलं आणि एकटीच डॉक्टरकडे गेली. मी मागे जाणार होतो, चपला सापडेनात. पायाशीच होत्या. दुपारी ती परत आली आणि उभ्यानंच तिनं सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, जन्माचा. बॅटरी मारली की डॉक्टरांना लगेच दिसला. मुंबईला न्यायचं, एक दिवस घालवायचा नाही.

मी विचारलं, मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो ना?

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन पिशवी भरायला लागली. लोट्याला फोन लावला तो हेमाताईंनी. देवदत्त रात्रीच्या आत आला, रजा वगैरे काही न मागता. तिघं गेली.

सायीची झाक. मी कविता केली होती त्याच्यावर.

१९ डिसेंबर

देवदत्तचा मुंबईहून फोन आला. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याची पुढच्या आठवड्यात. तो सावकाश, सरकारी पत्र वाचावं तसा बोलत होता. डॉक्टर म्हणतात, नुसता मोतीबिंदू काढला म्हणजे दिसत नाही. बघायचं ते मेंदू शिकतो, आणि ते शिकायचे पहिले आठवडे असतात. त्या आठवड्यांत डोळ्यांत उजेड गेला नाही तर मेंदू ते शिकायचं सोडून देतो. आता चष्मा लागेल, जाड, दिवसभर डोळ्यांवर राहिलाच पाहिजे. किती दिसेल ते कुणी सांगू शकत नाही.

"त्यांनी विचारलं, आधी का नाही आणलंत."

मी विचारलं, तू काय सांगितलंस?

तो म्हणाला, "मी म्हटलं, आम्हांला वाटलं ती बघते."

आम्हांला म्हणाला.

११ जानेवारी २००२

मुंबईहून परत आली, पण इथे नाही. हेमाताईंनी सांगितलं. संध्या ओवीला घेऊन स्टॅंडवरून थेट मिरकरवाड्याला वडिलांकडे गेली. "दाजीनं घेतलंन तिला घरात. काही विचारलंन सुद्धा नाही म्हणे. पोर बघितलंन आणि दार उघडलंन." देवदत्तही आता सुट्टीला तिकडेच उतरतो. एकदा तो कपडे न्यायला आला, माझ्या गोळ्या आहेत का ते पाहिलंन, पाया पडला आणि गेला. मला एक शब्द लागेल असा बोलला नाही. बोलायला हवा होता.

हेमाताईंनी चिरागच्या मनगट्याही परत आणून दिल्या. म्हणाल्या, "राग मानू नका, आप्पा. घरात ठेवायला बरं नाही वाटत." मी म्हटलं, त्याला त्यांची गरज नव्हतीच, त्याला पहिल्यापासून दिसत होतं. मग त्या आत गेल्या आणि डोळे पुसून बाहेर आल्या.

संध्याकाळी बंदरापर्यंत चालत गेलो. संध्याचं घर मला माहीत आहे, तिसऱ्या गल्लीत, दारात जाळी वाळत घालतात ते. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. आतून लहान मूल रडल्याचा आवाज आला. ओवीचाच होता. कुणाचं रडणं कुणाचं, हे मला अजून चुकत नाही. पुढे गेलो नाही. गेलो असतो तर काही बोललो असतो, आणि माझा आवाज ऐकून तिनं मान वळवली असती.

२ फेब्रुवारी

उजेड असला की पुस्तक काढतो. चाल येते, ओळी येतात, पण ओठांवर आल्या की थांबतात. पावसच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, डोळे मिटा आणि म्हणा, म्हणजे कविता आत जाईल. आम्ही सगळी मुलं डोळे मिटून म्हणायचो. मला वाटतं, मी ते उघडायचेच विसरलो. सावित्री समोर आजारी पडत गेली तेव्हाही तिचा खोकला मला रोज ऐकू येत होता. ती किती वाळली होती ते मी फोटोत पाहिलं, ती गेल्यावर.

मनगट्या सगळ्या उसवून टाकल्या. काळं एकीकडे, पांढरं एकीकडे. फेकवत नाही. मशीनवर चादर घातली. चांदण्याच्या दोन ओळी मागच्या पानावर आहेत त्या खोडायला घेतल्या, पण शाई सुकली होती. दौत उघडायचाही कंटाळा आला.

हेमाताई जेवणाचा डबा देऊन जातात. सकाळी दिलेला कधी कधी संध्याकाळी तसाच परत नेतात.

९ फेब्रुवारी

काल देवदत्त येईल असं वाटलं होतं. फाटक वाजलं की मान वर व्हायची. आले ते सगळे दुसरेच.

बारशाच्या दिवशी संध्याला कसं झालं असेल ते आज कळलं.

१७ फेब्रुवारी

दुपारी फाटक वाजलं. मी उठलो नाही, हेमाताई असतील असं वाटलं. मग कुणीतरी पुरुष खोकला आणि "आप्पा हायत काय घरात?" अशी हाक आली. हा आवाज मी ओळखला नाही. ओळखीचे सगळे आवाज मला ठाऊक आहेत, म्हणून उठून बघावं लागलं.

पायरीखाली दाजी उभे होते. लग्नाच्या वेळी बंदरावर दुरून पाहिलं होतं तेवढंच. पांढऱ्या झुपकेदार मिशा, खाकी अर्धी पँट, खांद्यावर पंचा. चपला त्यांनी फाटकाशीच काढल्या होत्या. मी म्हटलं, या, आत या. "नाय, हतंच बरा हाय," असं म्हणून ते तिथेच राहिले. मीही दारातच राहिलो. मुलांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली आणि आम्ही दोघं व्याही पहिल्यांदा एकमेकांकडे बघत होतो.

पंचाच्या टोकाची गाठ त्यांनी सोडली. आत एक चष्मा होता. खेळण्यातला असावा इतका लहान, पण भिंगं बाटलीच्या बुडासारखी जाड. दोन्ही दांड्यांना निळी दोरी बांधलेली होती.

"नाकावर ऱ्हात नाय," दाजी म्हणाले. "ऱ्हायला नाक तरी कुटं हाय तिला. म्हनून मी दोरी बांधली. जाळी विनन्यात माजी हयात गेली, पन ह्या दोरीनं पोरीचा कान सोलवटला. आता चष्मा दिसला तरी रडते. संध्या बोलली, सासऱ्याकडं छत्रीचां कापाड हाय, तां गुळगुळीत असतां, घासत नाय. डोक्यामागनं पट्टी शिवून द्या, बोलली."

मी विचारलं, दिसतं का तिला?

त्यांनी पंचानं चष्मा पुसला.

"लई नाय. चष्मा असला का माज्या मिशीकडं बगते. पडला का नाय बगत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी गप बसून बगलां. काय आवाज केला नाय, हललो नाय. तरी बगत हुती."

मी हात पुढे केला. चष्मा माझ्या तळहातावर ठेवताना त्यांनी तो लगेच सोडला नाही.

"आनी एक सांगून धाडलानी पोरीनं," ते म्हणाले. "घुंगूर नको."